गालाच्या हाडातला सूर

चिखलदऱ्याला तळ्याच्या काठी एक वाद्यसंग्रहालय होतं, हे आता चिखलदऱ्याच्या माणसांनाही सांगावं लागतं. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या कुटुंबाबरोबर त्यांच्या गाडीतून अमरावतीहून तिकडे गेले, तेव्हा मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. कणसं भाजणाऱ्या बाईने मला बोटीच्या तिकिटांची खिडकी दाखवली. एका लॉजच्या मालकाने, "मॅडम, म्युझिकल फाउंटन म्हणता का? ते इथं नाही," असं सांगितलं. शेवटी माझी मीच शोधत गेले. उतरत्या कौलांचा तो बंगला अजून उभा आहे. त्यात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत आणि व्हरांड्यात वेताचा झोपाळा टांगला आहे. मी फाटकापाशी जराशी थांबले आणि परत येऊन गाडीत बसले. शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, "काकू, काही खास होतं का तिथे?" मी म्हटलं, "जुनी ओळख होती." पुढे सांगायचं तर मायच्या कानांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि घाटाचा रस्ता तेवढा लांब नव्हता. इथे मात्र मला घाई नाही.

आमचं घर अंजनगाव सुर्जीला, बाजाराच्या रस्त्यालगत. पुढच्या खोलीत कपाशीच्या दिवसांत छतापर्यंत कापूस भरलेला असे आणि उरलेलं वर्षभर त्या खोलीला त्याचा कोरडा वास येत राही. घरात बाबा, त्यांचे मोठे भाऊ, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी माय, माझी माय आणि मी. मोठ्या मायची मुलं लग्न होऊन, नोकऱ्या लागून पांगली होती. घरात माणसं थोडी, पण आवाज भरपूर. सकाळी केळीच्या गाड्या निघत, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजत, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत राही, दुपारी बर्फाच्या गोळ्याची घंटी, आणि संध्याकाळी मशिदीतली अजान संपते न संपते तोच देवळातली आरती. हे सगळे आवाज मला एवढे पाठ आहेत, कारण ते मला मायला सांगावे लागत.

माय बहिरी जन्मली नव्हती. माझ्या जन्मानंतर तिला जरा कमी ऐकू येऊ लागलं. माझ्या पाठीवर झालेली दोन बाळं राहिली नाहीत, आणि जाताना त्यांनी तिचा उरलासुरला कानही नेला, असं मोठी माय म्हणायची. मला समजू लागलं तोवर मायला माणसांच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागली होती. पण माणसांना ओठ असतात, घराला ओठ नसतात. दूध उतू गेलं, कडी वाजली, गाय हंबरली, नळ आला, तर ते मी तिला सांगायचं. ती माझा चेहरा बघून ओळखायची की काहीतरी वाजलं, आणि विचारायची, "काय वाजलं वं?" मी सांगायची. कधी कधी काहीच महत्त्वाचं नसे. "गिरणी बंद पडली," मी म्हणे. मग ती समाधानाने मान हलवायची, जसं काही गिरणी बंद पडल्याचं तिला कळणं फार गरजेचं होतं.

तिचं स्वतःचं बोलणं मात्र दिवसेंदिवस हळू होत गेलं. लोकांना वाटतं, बहिरी माणसं ओरडून बोलतात. मायचं उलटं होतं. तिचा आवाज तिला आतून पुरेसा ऐकू येत असावा. बाहेर आम्हाला तो जेमतेम पोचायचा. नवीन माणसाला ती गर्विष्ठ वाटे. "अकोल्याची हाय, तोंडातल्या तोंडात बोलते," असं बाया म्हणत. आधी त्यांनी तिच्याशी बोलायचं सोडलं, मग हळूहळू तिच्याकडे बघायचंही. भरल्या घरात माय एकटी होती, आणि तिच्याजवळ चोवीस तास असल्यामुळे मीही. मैत्रिणींच्या घरी बसले तरी माझं अर्धं लक्ष घराकडे असे, की आता गाय हंबरली असेल, आता पोस्टमन आला असेल.

(हल्ली माझ्याही डाव्या कानात यंत्र आहे. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात चालत येतं. यंत्र काढून ठेवलं की अमरावतीच्या माझ्या दोन खोल्या अशा गप्प होतात की मला मायच्या दुपारी आठवतात.)

अकोल्याला माहेरी असताना माय दिलरुबा वाजवायची. हे मला फार उशिरा कळलं. मोर्णा नदीच्या अलीकडे तिचं घर, आणि शेजारी एक म्हातारे मास्तर राहायचे. त्यांनी हौसेने तिला शिकवलं, लग्न ठरेपर्यंत. दिलरुबा मास्तरांचा होता, तो त्यांच्याकडेच राहिला. माय भांडी आणि शिलाई मशीन घेऊन अंजनगावला आली. पुढे मास्तरही वारले. घरात याचा विषय कधी निघाला नाही. पण कणीक मळून झाली की मायच्या डाव्या हाताची बोटं परातीच्या काठावरून वरखाली सरकत. एकदा मी विचारलं, "हे काय करून राहिली माय?" ती दचकली. "काई नाई," म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "दिलरुबा व्हता वं एक." एवढंच. मी दिलरुबा पाहिलेलाही नव्हता. मला वाटलं तो एखादा दागिना असेल.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. बाबांची ना नव्हती, पण हो म्हणायला त्यांना धीर होत नव्हता. एका दुपारी घरात सरगुंडे आणि आमरसाचा बेत होता. गव्हाच्या पिठाचे ते वळलेले सरगुंडे मोठ्या मायइतके बारीक आमच्या गल्लीत कोणाला जमत नसत. सगळे जेवायला बसलेले असताना तिने चुलीकडे तोंड करून विषय काढला. ती दुष्ट बाई नव्हती. मायच्या तिन्ही बाळंतपणांत तिने रात्रंदिवस केलं होतं. पण बोलायची ती तोंडावर.

"पोरगी गेली तं तिच्या मायले कोण पायन?" ती म्हणाली. "दारात कोणी येऊन उभं राहिलं तं तिले समजत नाई. परवा दूध जळून राह्यलं होतं, ही तिथंच भाजी निवडत बसली होती. मी किती पायीन? माहे बी गुडघे गेले आता."

"काढू काही मार्ग," बाबा ताटात बघत म्हणाले.

"काय मार्ग काढता? एक तं तिचे कान नवे आणा, नाई तं ह्या पोरीले घरी ठेवा."

मायला मोठ्या मायची पाठ तेवढी दिसत होती. तिने माझ्या कोपराला हात लावला. "काय म्हणते?"

"आंबे जरा आंबट निघाले म्हणते," मी म्हटलं.

मायने रसाची चव घेतली आणि माझ्याकडे बघितलं. आंबे गोड होते. मला जायचं होतं, आणि मी गेल्यावर या घरात काय काय वाजत राहील आणि तिला कोणी सांगणार नाही, हेही मला दिसत होतं. त्या उन्हाळ्यात मी कोणाशीच धड बोलत नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी बाबांचं चिखलदऱ्याच्या तहसील कचेरीत काम निघालं. एका नातेवाइकाची जीप जाणार होती. मायने कधी कुठे जायचं म्हटलं नव्हतं, त्या दिवशी ती पदर खोचून जीपजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमी दोघी बी येतो." बाबांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. परतवाडा सोडल्यावर घाट सुरू झाला. खाली सगळं भाजून निघत होतं आणि वर वळणावळणाला हवा बदलत होती. माय खिडकीबाहेर हात काढून बसली होती, वारा चाचपून पाहत असल्यासारखी.

बाबांनी आम्हाला तळ्यापाशी उतरवलं. "तुमी इथं बसा, मी काम उरकून येतो," म्हणाले आणि गेले. तळ्यात एक होडी होती, पण ती उलटी घालून ठेवलेली. आम्ही सोबत आणलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. मग माय उठून काठाकाठाने चालू लागली, आणि झाडीत एका फाटकावर पत्र्याची पाटी दिसली : वऱ्हाड-मेळघाट वाद्यसंग्रहालय. मी ती वाचली आणि पटकन मायचा हात धरून वळले. जिला ऐकू येत नाही तिला वाद्यांच्या घरात कुठे न्यायचं? पण वाचता तिलाही येत होतं. तिने हात सोडवून घेतला आणि फाटक ढकललं.

आत वानखडे डॉक्टर होते. हे गुरांचे डॉक्टर; मेळघाटात नोकरी करताना गावोगाव फिरले आणि जिथे जे वाद्य टाकून दिलेलं दिसलं ते उचलून आणत गेले. निवृत्त झाल्यावर राहत्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी ते मांडलं. बायको वारलेली, मुलं परगावी. हे सगळं त्यांनी आम्हाला व्हरांड्यातच सांगून टाकलं, कारण त्यांच्याकडे माणसंच येत नसत. लोक चिखलदऱ्याला हवा खायला येतात, म्हणाले, त्यांना पॉइंट बघायचे असतात. अंगात खादीचा सदरा, पायात जंगलखात्याचे असावेत असे बूट, आणि बोलायची एवढी भूक लागलेली की श्वास घ्यायला थांबत नव्हते.

ते मायला एकेक वाद्य दाखवू लागले. कोरकू आदिवासींचे ढोल होते, बासऱ्या होत्या, डमरूसारखा पण त्याहून थोराड असा डाहाका होता, संबळ, कातडं फाटलेला चौघडा, पायपेटी. प्रत्येकाची गोष्ट होती : हा ढोल कुठल्या पाड्यावर कोंबड्या झाकायला वापरत होते, ही सनई कुठल्या घरात चूल फुंकायची फुंकणी झाली होती. माय एक शब्दही न बोलता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतकं टक लावून डॉक्टरांकडे बहुधा कोणी बघितलं नव्हतं. ते फुलून आले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तुझ्या आईसारखी ऐकणारी बाई मी आजवर पाहिली नाही. लोक दोन मिनिटांत जांभया देतात."

मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही, डॉक्टर."

त्यांचा हात डाहाक्याच्या काचेवर तसाच राहिला. तोंड उघडं होतं, पण बोलणं बंद झालं होतं. मायने त्यांचा चेहरा पाहिला आणि मी काय सांगितलं ते तिला समजलं. ती हसली. तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "असू द्या. इथं बरं वाटलं. काचंच्या आत हायेत तं वाजत नाईत. इथं कोणालेच ऐकू येत नाई."

आणि ती पुढे दुसऱ्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग गेलो तर ती खिडकीजवळच्या एका वाद्यासमोर उभी होती. खाली कातड्याचं पोट, वर लांब दांडी, दांडीवर धातूचे पडदे, बाजूने तारांची रांग. शेजारी खिळ्याला गज टांगलेला. हे वाद्य काचेत नव्हतं. मायची डाव्या हाताची बोटं साडीच्या काठावर वरखाली सरकत होती. तेव्हा मला कळलं, दिलरुबा म्हणजे हे.

"माय हे वाजवायची," मी डॉक्टरांना सांगितलं. "लग्नाआधी."

भिंतीवर 'वाद्यांना हात लावू नये' असं त्यांनीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. त्याच भिंतीखाली त्यांनी सतरंजी अंथरली, दिलरुबा उचलला आणि मायच्या हातात दिला. "तारा मी अकोल्याहून बदलून आणल्या," मला म्हणाले. "वाजवता मला येत नाही. पण बिनतारांचा बरा नाही वाटत."

माय बसली. गजाला राळ लावली, दांडी डाव्या खांद्याला टेकवली, आणि गज ओढला. जो आवाज निघाला तो ऐकून मी डोळे मिटले. कोणीतरी पत्रा ओढत नेतंय असं वाटलं. मायने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. पुन्हा ओढला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिच्यापर्यंत तेवढाही पोचला नव्हता. तिने गज खाली ठेवला. मी तिला उठवायला हात पुढे केला, कारण तिथून लवकर बाहेर पडावं, बाबा यावेत, घरी जावं, असं मला झालं होतं.

तेव्हा तिने मान कलती केली आणि दांडीच्या वरच्या टोकाला गाल टेकवला. लहानपणी शिकताना तिला तशी खोड होती, मास्तर त्यावरून रागवायचे, हे तिने मला नंतर सांगितलं. दमलेलं माणूस दाराच्या चौकटीला टेकतं तशी ती टेकली होती. आणि सहज, तारेचा निरोप घ्यावा म्हणून असेल, तिने गज पुन्हा एकदा ओढला.

ती थिजली. डोळे मोठे झाले. गाल न हलवता तिने परत ओढला, या वेळी लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वाजते," ती म्हणाली. "शोभे, वाजून राह्यलं. हाडातून येऊन राह्यलं मले."

मी डॉक्टरांकडे बघितलं. गुरांचे का होईना, डॉक्टर होते. ते स्वतःशीच पुटपुटले की कानाचं दार बंद असलं तरी आतली घंटी शाबूत असणार. मला ते नीट समजलं नाही. मी मायकडे बघत होते. ती गाल तसाच दाबून खुंट्या पिळत होती. तार ओरडत होती, चढत होती, उतरत होती, आणि एका जागी ती थांबली. त्या पत्र्यातून खरोखरच सूर निघाला. कोणी तिला सांगितलं नव्हतं की आता लागला. तिला कळलं होतं.

मग ती वाजवत राहिली. चुका होत होत्या, बोटं अडत होती, मधेच ती थांबून हसायची. डॉक्टर खिडकीत पाठमोरे उभे राहिले. मी सतरंजीच्या कडेला बसले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तिचे डोळे मिटलेले होते. बाहेर पाखरं ओरडत होती, कुठेतरी लाकूड फोडत होते, आणि तिने एकदाही डोळे उघडून मला विचारलं नाही, की काय वाजलं. जन्मात पहिल्यांदा मी तिच्याजवळ बसले होते आणि माझं काही काम नव्हतं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "केव्हाही या." मायने दिलरुबा दोन्ही हातांनी परत दिला. तिने मागितला असता तर त्यांनी तो तिला देऊन टाकला असता, असं मला आजही वाटतं. तिने मागितला नाही.

तळ्यापाशी टपरीवर आम्ही बसलो. बाबा अजून आले नव्हते. माय पाण्याकडे बघत होती. एकदम ती माझ्याकडे सरकली, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आपलं कपाळ माझ्या कपाळावर घट्ट टेकवलं.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काही बी बोल."

किती वर्षांचं साठलं होतं. मोठी माय काय म्हणाली, मला कुठे जायचं आहे, मला कशाची भीती वाटते. त्यातलं काहीच ओठांवर आलं नाही. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. मी जोर लावून म्हटलं, "माय, चहा घेशील का?"

ती कपाळ तसंच टेकवून राहिली. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

"तुहा आवाज बाईचा झाला वं," ती म्हणाली. "माह्या कानात तं लहान पोरीचाच होता."

मग कपाळ बाजूला घेऊन तिने माझे डोळे पुसले आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाली, "आंबे गोड व्हते त्या दिवशी. मले काय सांगतं? मले सगळं समजते. तू अमरावतीले जाय. दुधाचं मी पायतो."

घरी आल्यावर ती बाबांशी बोलली, मोठ्या मायशीही बोलली. मोठी माय दोन दिवस रुसली आणि मग स्वतःच माझ्यासाठी मिरच्यांचं लोणचं घालायला बसली. दिलरुबा आमच्या घरी कधी आला नाही. बाबांनी एकदा आणू का म्हणून विचारलं, तर माय म्हणाली, कापसाच्या घरात तो ठेवायचा कुठे. वर्षातून एखाद्या वेळी ती बाबांबरोबर चिखलदऱ्याला जायची, डॉक्टर होते तोवर. मी पुन्हा कधी बरोबर नव्हते. ती तिथे काय वाजवायची, ते मला माहीत नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती मला सोडायला अंजनगावच्या स्टँडवर आली. बाबा माझी ट्रंक टपावर चढवत होते. मी खिडकीची जागा धरली. गाडी सुरू झाली, ड्रायव्हरने उगाच इंजिन गुरगुरवलं, कंडक्टर ओरडत होता, शेजारी कोणाच्या टोपलीतल्या कोंबड्या कलकलत होत्या. माय खाली खिडकीशी उभी होती आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होती. नेहमीच्याच हळू आवाजात, पण बरंच लांब काहीतरी. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. मी वाकले, कानाला हात लावला. गाडी निघाली होती आणि ती दोन पावलं चालत चालत अजून सांगतच होती. मला एक अक्षर कळलं नाही. मग मी तेच केलं जे ऐकू न येणारी माणसं करतात. मी हसले, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.